वाट सांगणाऱ्याची जबाबदारी

मी मराठीचा अध्यापक आहे. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात गेली अठरा वर्षे शिकवतो. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाविषयी मी बोलणार आहे, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. हा विषय एखाद्या डॉक्टरने किंवा जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडावा, असे कुणीही म्हणेल. परंतु असे पाहा, खेड्यातल्या गरीब घरच्या मुलाच्या मनात डॉक्टर व्हायचे आले, तर तो पहिला प्रश्न कुणाला विचारतो? ज्याच्या घरात डॉक्टर आहे, त्याला विचारावेच लागत नाही. जेवताजेवता सगळे त्याच्या कानावर पडत असते. पण ज्याच्या घरात दहावी पास झालेला तोच पहिला, तो विचारतो शाळेच्या मास्तरांना, ग्रामसेवकाला, औषधाच्या दुकानदाराला, नाहीतर माझ्यासारख्या कॉलेजातल्या सरांना. गावात जो शिकलेला म्हणून ठाऊक असतो, त्याच्याकडे तो येतो. त्याचे शिक्षण कशातले आहे, हे तो पाहत नाही.

असे माझ्याकडे आलेल्या दोघांना मी सल्ला दिला आणि दोन्ही वेळा माझा सल्ला चुकला. एकीला मी अज्ञानाने 'नाही' म्हटले. दुसऱ्याला अज्ञानानेच 'हो' म्हटले. त्या दोन चुकांची हकिगत आज आपल्याला सांगायची आहे. ती सांगून मन मोकळे करावे, एवढाच माझा हेतू नाही. आपल्यापैकी कुणाकडे उद्या असेच एखादे मूल येईल, तेव्हा आपल्या हातून तीच चूक होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

आमचा भाग ऊसतोड कामगारांचा. दिवाळी झाली की गावेच्या गावे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. अशाच एका घरातली एक मुलगी अकरावी-बारावीला माझ्या मराठीच्या वर्गात होती. शास्त्र शाखेची. २०१४ साली ती बारावी झाली. गुण बरे होते. पण मागे दोन भावंडे होती. तिने एएनएमचा अभ्यासक्रम केला आणि एका उपकेंद्रावर कंत्राटी नर्स म्हणून लागली. लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, रक्तदाब तपासणे, अशी सारी कामे ती करी.

एप्रिल २०२२ मध्ये ती माझ्या घरी आली. पाणी प्यायली, बसली, आणि म्हणाली, "सर, डॉक्टरकीच्या परीक्षेला आता बसता येईल का?"

मी विचारले, "का गं? नोकरी चांगली चालली आहे ना?"

ती म्हणाली, "चांगली आहे. पण परवा रात्री एक बाई आली. अडली होती. मी चिठ्ठी लिहिली, गाडी बोलावली, पुढं पाठवलं. वाटेतच झाली ती. बाळ नाही राहिलं. सर, मला चिठ्ठी लिहिण्यापलीकडं काही करता येत नाही. किती वर्षं चिठ्ठ्याच लिहू?"

मी तिचे वय विचारले. सव्वीस. मी जरा वेळ गप्प राहिलो आणि मोठ्या मायेने म्हणालो, "अगं, त्या परीक्षेला पंचवीसची अट आहे. तुझं वय गेलं. आहे त्यात सुख मान."

तिने मान हलवली, चहा घेतला आणि ती गेली.

श्रोतेहो, हे माझे उत्तर दोन्ही अंगांनी चुकीचे होते. पंचवीस वर्षांची अट एकेकाळी होती, हे खरे. पण राखीव प्रवर्गातल्या उमेदवारांना तेव्हाही पाच वर्षांची सवलत होती, आणि ही मुलगी राखीव प्रवर्गातली होती. दुसरी गोष्ट, ती मला भेटायला आली त्याच्या आदल्या महिन्यात, म्हणजे मार्च २०२२ मध्ये, वयाची वरची मर्यादाच काढून टाकण्यात आली होती. परीक्षेच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षे पूर्ण झालेली असावीत, एवढीच वयाची अट उरली होती. अर्ज भरण्याची मुदत त्या दिवशीही चालू होती! त्याआधी २०२० साली ओडिशातले एक निवृत्त बँक अधिकारी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी बुर्ला येथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. मीही ती वाचली होती. 'काय काय लोक असतात' असे म्हणून मी पान उलटले होते. त्या बातमीत माझ्या विद्यार्थिनीच्या उपयोगाचे काही आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

तिला खरी गोष्ट पुढल्या वर्षी समजली, तीही दुसऱ्याच कुणाकडून. माझ्या एका वाक्यात तिचे एक वर्ष गेले.

आता दुसरी हकिगत. २०२१ साली बारावी झालेला एक मुलगा. आई-वडील दोघेही ऊस तोडायला जाणारे. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. मुलगा कष्टाळू, अक्षर मोत्यासारखे, वर्गात पहिला. तो निकाल घेऊन आला तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू डॉक्टर होणार! मी सांगतो ना!" असे चार माणसांत म्हणालो. मला कौतुक वाटत होते, त्यालाही बरे वाटले. पण ही परीक्षा किती गुणांची, जागा किती, शेवटचा प्रवेश किती गुणांना होतो, यांतले एक अक्षर मला ठाऊक नव्हते.

पहिल्या वर्षी त्याला फारसे गुण पडले नाहीत. दुसऱ्या वर्षी, २०२२ साली, ७२० पैकी २३१ गुण मिळाले आणि निकालावर 'पात्र' असा शब्द आला. गावात पेढे वाटले. चौकात फलक लागला, त्यावर त्याचा फोटो आणि खाली 'भावी डॉक्टर'. त्या फलकाला माझीही वर्गणी होती.

'पात्र' या शब्दाने आम्हा सगळ्यांना फसवले. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस; मी तरी विचारायला हवे होते, पात्र म्हणजे कशाला पात्र? त्या वर्षी राखीव प्रवर्गासाठी पात्रतेची रेघ ९३ गुणांवर होती. त्या रेघेच्या वर आलेल्याला प्रवेशाच्या रांगेत उभे राहता येते, एवढाच त्याचा अर्थ. रांगेच्या टोकाला जागा आहे की नाही, हे तो शब्द सांगत नाही. त्या मुलाच्या प्रवर्गातून सरकारी महाविद्यालयात शेवटचा प्रवेश ज्याला मिळाला, त्याचे गुण याच्या दुपटीहून जास्त होते. ती यादी छापलेली होती. कुणालाही पाहता येण्याजोगी होती. आम्ही पाहिली नाही.

"एवढा जवळ आलाय, आता सोडू नका," असे सगळे म्हणाले. वडिलांनी मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली आणि मुलाला लातूरला क्लासला ठेवले. उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम. ती अंगावर घेतली की हंगामभर फेडत राहायचे. २०२३ गेले, २०२४ गेले. गुण वाढले, पण साडेतीनशेच्या पुढे सरकले नाहीत. त्या हंगामात मोळ्या वाहता वाहता वडिलांची कंबर धरली ती कायमची.

मुलगा पुढे प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेला गेला. आज तो एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो आणि चांगले करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा माझ्या पाया पडला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, पहिल्याच वर्षी तुम्ही आकडा सांगितला असता, तर मी दोन वर्षं आधी इथं आलो असतो. आबांनी उचल घेतली नसती."

तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

या दोन प्रसंगांनंतर मी, मराठीचा अध्यापक, या परीक्षेची माहितीपत्रके वाचू लागलो. परीक्षेचे नाव 'नीट'. मराठीत या शब्दाचा अर्थ सरळ, व्यवस्थित असा होतो. पण माहितीपत्रक वाचताना माणूस सरळ राहत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. तरीही ते वाचले पाहिजे, आणि मूल वाचू शकत नसेल तर आपण त्याच्याशेजारी बसून वाचले पाहिजे. त्या वाचनातून आणि प्रवेशाच्या धावपळीतून मला चार गोष्टी उमगल्या. त्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट नियमाची. ज्याची वाट सरळ नाही, ज्याने मध्ये नोकरी केली, शाळा सोडली, वेगळे विषय घेतले, त्याला लोक सरसकट 'आता नाही' असे सांगून मोकळे होतात. परंतु गेल्या काही वर्षांत नियम पुष्कळ सैल झाले आहेत. वयाचे सांगितलेच. बारावीला ज्यांनी जीवशास्त्र घेतले नव्हते, त्यांची वाट पूर्वी बंदच होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केले की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यालाही परीक्षेस बसता येईल. भौतिक, रसायन आणि जीव या तीन शास्त्रांत मिळून बारावीला निम्मे गुण हवेत. राखीव प्रवर्गांना शेकडा चाळीस. नियम दरसाल बदलू शकतात, म्हणून गेल्या वर्षी ऐकलेले यंदा सांगू नये. त्या वर्षीचे माहितीपत्रक हाती घ्यावे, मग बोलावे. मी जर एप्रिल २०२२ मध्ये एवढे केले असते, तर त्या मुलीचे एक वर्ष वाचले असते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. प्रश्न १८०, जीवशास्त्राचे ९०, भौतिक आणि रसायन यांचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक गुण वजा. म्हणजे अर्धी परीक्षा जीवशास्त्राची आहे. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली आणि त्यांतली १३ लाखांहून अधिक पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात तेव्हा सुमारे १ लाख १० हजार होत्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरकारी, आणि गरिबाला परवडणारी जागा म्हणजे सरकारी, हे आपण जाणताच. सरकारी जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय यादीतून भरतात, बाकीच्या राज्याच्या यादीतून. तेव्हा मुलाने सोडवलेल्या सराव-परीक्षेचे गुण आणि आपल्या प्रवर्गातल्या, आपल्या राज्यातल्या, गेल्या वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाचे गुण, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. त्यांच्यामधले अंतर किती आणि एका वर्षात ते किती कमी झाले, हे पाहावे. अंतर झपाट्याने कमी होत असेल तर आणखी एक वर्ष द्यायला अर्थ आहे. अंतर जिथल्या तिथे असेल तर त्या मुलाला दुसरी चांगली वाट दाखवणे हेच त्याच्यावरचे प्रेम. किती वेळा बसायचे, हे पहिल्या खेपेआधीच घरात सर्वांनी मिळून ठरवावे. निकालाच्या दिवशी ठरवू नये. त्या दिवशी एकतर आशा बोलत असते, नाहीतर निराशा.

तिसरी गोष्ट कागदांची. आपल्या राज्यात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही. त्याची पडताळणी होऊन मिळणारे वैधता प्रमाणपत्र लागते. शिवाय उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, काही प्रवर्गांना उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. राज्याच्या यादीतून जागा हवी तर दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. हंगामाबरोबर परराज्यात जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शहरातल्या सुस्थितीतल्या घरात हे कागद कपाटात असतात. आमच्याकडे आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यापासून सुरुवात होते. कारण आजोबा शाळेतच गेलेले नसतात. या कामाला महिने लागतात, आणि प्रवेशफेरीच्या वेळी हाती दिवस असतात मोजके. म्हणून अभ्यासाला लागण्याच्या दिवशीच कागदांना लागावे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव एकच आहे ना, वडिलांच्या नावात एखादी वेलांटी इकडची तिकडे झालेली नाही ना, हेही पाहावे. शुद्धलेखन शिकवताना वेलांटीसाठी मी मुलांचा अर्धा गुण कापतो. सरकारी खिडकीवर एका वेलांटीसाठी आख्खी जागा जाऊ शकते.

चौथी गोष्ट भाषेची, आणि ही माझ्या विषयाजवळची. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. मला याचा आनंद आहे. पण खेड्यातल्या मुलाची अडचण अशी की दहावीपर्यंत तो 'प्रकाशसंश्लेषण' शिकतो आणि अकरावीला एकाएकी 'फोटोसिंथेसिस' ऐकू लागतो. दोन वर्षे इंग्रजीतून शिकल्यावर प्रश्नपत्रिका मराठीतून घेतली, तर 'पेशीभित्तिका' पाहून तो अडखळतो. इंग्रजीतून घेतली, तर लांब वाक्यात हरवतो. यावर उपाय एकच. दोन्ही भाषांतल्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या आणि जिथे गुण जास्त पडतात ती भाषा अर्जात लिहायची. यात अभिमान आणू नये. मराठीचा अभिमान मी बाळगतो. त्याची किंमत त्या मुलाने का मोजावी?

पैशाविषयी दोन शब्द. कोणी म्हणेल, लाखो रुपयांचे क्लास नसतील तर हे शक्य आहे का? शक्य आहे, पण अवघड आहे. महाज्योती या शासकीय संस्थेने इतर मागास आणि भटक्या-विमुक्त वर्गांतल्या मुलांना टॅब देऊन ऑनलाइन शिकवणीची सोय केली. पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी २०१५ पासून गरीब आणि आदिवासी मुलांना फुकट शिकवण्याचे काम उभे केले. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय केला की वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ. या सोयी कागदावर आहेत, पण त्या आपणहून कुणाच्या दारात चालत येत नाहीत. तिथपर्यंत मुलाला नेणारा कुणीतरी लागतो.

इथे मला आनंदीबाई जोशी यांची आठवण होते. १८८३ साली त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या गाठीशी शाळेचे रीतसर शिक्षण फारसे नव्हते. होते ते घरचे शिक्षण, ठाम निश्चय, आणि आपण का आलो हे सांगणारे पत्र. ते पत्र वाचणारी माणसे तिथे भेटली आणि प्रवेश मिळाला. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. आज आमच्या प्रवेशात असे पत्र वाचणारे कोणी नाही. माझ्या विद्यार्थिनीने त्या रात्रीची हकिगत कितीही कळकळीने लिहिली असती, तरी ती कुठल्या रकान्यात बसली नसती. यंत्र फक्त काळे केलेले गोल मोजते.

हे वाईटच आहे, असे मी म्हणणार नाही. यंत्रापुढे वशिला चालत नाही, आडनाव चालत नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलीचा गोल आणि मंत्र्याच्या मुलाचा गोल सारखाच काळा. २०२४ साली पेपर फुटल्याच्या प्रकरणाने या विश्वासाला मोठा तडा गेला, आणि त्यात सर्वांत जास्त हादरली ती गरीब मुले. त्यांच्याजवळ विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते. पण यंत्राचा न्याय हा परीक्षेच्या तीन तासांपुरता आहे. त्याआधीची दहा-बारा वर्षे कोण कुठे वाढला, कुणाला कोणी काय सांगितले, याचा हिशेब यंत्राजवळ नाही. तो हिशेब आपण ठेवायला हवा. धुळे जिल्ह्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल समाजातले. वडील त्यांच्या जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवणारी. ते नवोदय विद्यालयात गेले, पुढे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात डॉक्टर झाले आणि नंतर जिल्हाधिकारीही झाले. त्यांची जिद्द मोठी, यात शंका नाही. पण नवोदयची परीक्षा असते आणि या मुलाने ती द्यावी, हे कुणीतरी त्या झोपडीत जाऊन सांगितल्याशिवाय ती वाट सुरू झाली नसती. आपण नेहमी चालणाऱ्याचे कौतुक करतो. वाट सांगणाऱ्यालाही काही कर्तव्य आहे, हे विसरतो.

आता त्या मुलीचे पुढे काय झाले, ते आपण विचाराल. तिने उपकेंद्रावरचे काम सांभाळून २०२३ साली पहिली परीक्षा दिली. तीनशेच्या आतच गुण. या वेळी मात्र आम्ही दोघांनी वही घालून बसून दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. तीन वेळा बसायचे, चौथी खेप नाही, असे तिने आपल्या हाताने वहीत लिहिले. पहाटे चारला उठून अभ्यास. उपकेंद्रावर दुपारी निवांत मिळाला की सराव. भाऊ कामाला लागला तेव्हा शेवटच्या वर्षी तिने नोकरी सोडली. २०२४ साली गुण बरेच वाढले, पण सरकारी जागा हुकली. २०२५ साली भौतिकशास्त्राचे प्रश्न इतके अवघड निघाले की सगळ्यांचेच गुण घसरले. तीही रडत घरी आली. निकाल लागला तेव्हा समजले, गुण उतरले होते, पण क्रमांक वर गेला होता! प्रवेश क्रमांकावर मिळतो, गुणांवर नाही, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. वैधता प्रमाणपत्र तिने पहिल्या वर्षीच करून ठेवले होते. नर्सच्या नोकरीने नोंदी ठेवायची सवय लावलेली. शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला.

वय एकोणतीस. साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष आंतरवासिता, मग शासनाच्या सेवेचे बंधनाचे एक वर्ष. पस्तिशी ओलांडेल. गावातले एक गृहस्थ मला म्हणाले, "एवढ्या उशिरा डॉक्टर होऊन काय उपयोग?" मी म्हणालो, "पस्तिशी तर तिला तशीही गाठायचीच आहे. डॉक्टर होऊन गाठू द्या की!"

पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. हसत होती. म्हणाली, "सर, मी वर्गात शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या!" मग जरा थांबून म्हणाली, "इंग्रजी फार जड जातंय. पण शरीररचना शिकवताना सर जे दाखवतात, त्यातलं निम्मं मी माणसांत पाहिलेलं आहे."

श्रोतेहो, तिच्या हुशारीत मी काही भर घातली नाही, आणि त्या मुलाची हुशारी कमी होती असेही नाही. एकीच्या वाट्याला उशिरा का होईना, खरी माहिती आली. दुसऱ्याच्या वाट्याला ती आली तेव्हा त्याच्या वडिलांची कंबर गेलेली होती. मधली कडी मी होतो.

आता आमच्या महाविद्यालयात एक फळा टांगला आहे. त्यावर त्या वर्षीची अर्जाची तारीख, वयाची आणि विषयांची अट, गेल्या वर्षीच्या शेवटच्या प्रवेशाचे प्रवर्गवार गुण, आणि लागणाऱ्या कागदांची यादी खडूने लिहिलेली असते. एवढेच. खडू, फळा आणि वर्षातून चार तासांचे काम. असा फळा प्रत्येक ग्रामपंचायतीत, प्रत्येक वाचनालयात लागायला काय हरकत आहे?

आणि मुले अजूनही माझ्या घरी येतात. "सर, मी डॉक्टर होईन का?" असे विचारतात. आता मी 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. मी म्हणतो, "बस. पाणी घे. वही आण, आपण पाहू या."